१७ वर्षं गोलपोस्टसमोर: अदिती चौहानचं करिअर काय सांगतं, आणि हिवरखेडच्या मुलीला गोलकीपर व्हायचं असेल तर?

२० जानेवारी २०२२. नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील स्टेडियम. महिलांच्या आशियाई चषकात भारताचा पहिला सामना इराणशी. भारताच्या गोलपोस्टसमोर अदिती चौहान. ९० मिनिटं संपली, स्कोअर ०-०. भारताला गोल करता आला नाही, पण गोल खाल्लाही नाही. गोलकीपरच्या भाषेत याला म्हणतात क्लीन शीट.

तीन दिवसांनी हा सामना रेकॉर्डमधून गेला.

भारतीय संघात कोरोना पसरला होता. २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध खेळण्यासाठी लागणाऱ्या किमान १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरण्यात आलं, आणि माघार घेतलेल्या संघाचे सगळे सामने रद्दबातल ठरतात. त्यामुळे इराणविरुद्धची ती क्लीन शीटही स्पर्धेच्या हिशेबातून वजा झाली. याच स्पर्धेतून २०२३ च्या वर्ल्ड कपचा रस्ता जाणार होता. तोही बंद झाला.

जुलै २०२५ मध्ये अदितीने निवृत्ती जाहीर केली. १७ वर्षांचं करिअर. भारतीय महिला फुटबॉलमध्ये इतकी वर्षं टिकून राहणं ही सोपी गोष्ट नाही.

आता प्रश्न असा आहे की, महिला फुटबॉलमध्ये गोलकीपर म्हणून करिअर होतं म्हणजे नेमकं काय होतं? पैसे किती मिळतात? धोका किती? आणि अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातल्या एखाद्या गावातल्या मुलीने हे स्वप्न बघितलं, तर तिच्या घरच्यांनी काय विचार करावा?

एकेक मुद्दा बघूया.

कोण आहे अदिती चौहान?

जन्म १९९२ चा, चेन्नईतला. पुढे कुटुंब दिल्लीला आलं आणि ती तिथेच वाढली. विशेष म्हणजे तिचा पहिला खेळ फुटबॉल नव्हता. शाळेत ती बास्केटबॉल खेळायची, कराटे शिकायची. फुटबॉलच्या निवड चाचणीला ती प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून गेली आणि वयाच्या १५ व्या वर्षी दिल्लीच्या १९ वर्षांखालील संघात पोचली.

बास्केटबॉल खेळणारी मुलगी गोलकीपर होते, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. उंच आलेला चेंडू हवेत पकडायचा, उडी कधी मारायची ते ओळखायचं, हात मऊ ठेवायचे. या गोष्टी दोन्ही खेळांत लागतात. हँडबॉल किंवा व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनाही त्यांचा फायदा होतो.

दिल्लीच्या जीझस अँड मेरी कॉलेजमधून पदवी घेतल्यावर ती इंग्लंडला गेली. तीही फुटबॉल खेळायला म्हणून नाही, तर शिकायला. लाफबरो विद्यापीठात तिने स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स केलं. खेळांसाठी हे विद्यापीठ जगभर ओळखलं जातं. तिथे शिकता शिकता ती विद्यापीठाच्या संघाकडून खेळली.

पहिल्याच सामन्यात पाच गोल

ऑगस्ट २०१५ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघाने अदितीला करारबद्ध केलं. इंग्लंडमधल्या या पातळीवरच्या लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. भारतात बातम्या झळकल्या, कौतुक झालं.

आणि पदार्पणाचा सामना कसा झाला? कोव्हेंट्रीविरुद्ध वेस्ट हॅम ०-५ ने हरलं.

पाच गोल. स्ट्रायकरने पाच संधी वाया घालवल्या, तरी सहाव्या संधीवर गोल केला की ती हिरो होते. गोलकीपरचं उलटं आहे. तिने दहा चेंडू अडवले आणि अकरावा सुटला, तर लक्षात राहतो तो अकरावा. अदितीचं वेगळेपण त्या पदार्पणापेक्षा त्यानंतरच्या वर्षांत दिसतं. पाच गोल खाल्ल्यावरही ती पुढच्या सामन्यांना पोस्टसमोर उभी राहिली, भारतात परत आली आणि आणखी जवळपास दशकभर खेळली.

२०२० मध्ये गोकुलम केरळ या क्लबने इंडियन विमेन्स लीग जिंकली, तेव्हा अदिती त्या संघात होती. १४ फेब्रुवारीला बेंगळुरूत झालेल्या फायनलमध्ये गोकुलमने क्रिफसा या मणिपूरच्या संघाला ३-२ ने हरवलं. २०२१ मध्ये ती आइसलँडमधल्या हामार या क्लबकडून खेळली. दक्षिण आशियाई पातळीवर भारताने मिळवलेल्या विजेतेपदांतही ती संघाचा भाग होती. तिचा शेवटचा क्लब कोलकात्याचा श्रीभूमी.

गोलकीपरचं काम नेमकं काय असतं?

बघणाऱ्याला वाटतं, चेंडू आला की अडवायचा, झालं. पण आधी आकडे बघा.

फुटबॉलचं गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतं. म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर जागा एकटीने राखायची. महिलांसाठी हे माप कमी होत नाही. पुरुषांना जेवढं, तेवढंच महिलांनाही. महिलांची सरासरी उंची पुरुषांपेक्षा कमी असते, त्यामुळे नुसत्या उंचीच्या जोरावर काम भागत नाही. कुठे उभं राहायचं, एक पाऊल पुढे की मागे, समोरच्या खेळाडूचा कोन कसा कमी करायचा, यावर महिला गोलकीपरला जास्त मेहनत घ्यावी लागते.

पेनल्टीचं गणित तर आणखी अवघड. चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरवर ठेवतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात चेंडू बघून, दिशा ओळखून, झेप घेऊन तिथे पोचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून गोलकीपर चेंडूपेक्षा मारणारीला वाचतात. तिची धाव, तिची कंबर कुठे वळते, टेकवलेल्या पायाचा पंजा कुठे आहे. वर नियम असा की, किक मारली जाते त्या क्षणी गोलकीपरचा किमान एक पाय रेषेवर, रेषेच्या सरळ रेघेत किंवा रेषेच्या मागे हवाच.

नियमही बदलत राहतात आणि त्यातले बरेच गोलकीपरवरच येतात. १९९२ मध्ये बॅकपासचा नियम आला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येईना. तेव्हापासून गोलकीपरला पायाने खेळणंही शिकावं लागलं. २०२५ पासून आणखी एक बदल झाला. गोलकीपरने चेंडू ८ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला, तर समोरच्या संघाला थेट कॉर्नर मिळतो.

शिवाय मैदानावर ती एकटीच अशी खेळाडू असते, जिला पूर्ण मैदान समोर दिसतं. म्हणून बचावफळीला सतत ओरडून सूचना देणं हेही तिचंच काम. गप्प बसणारी गोलकीपर चालत नाही.

एकच जागा, पण मोठं आयुष्य

या पोझिशनची एक अडचण आहे आणि एक फायदा आहे.

अडचण अशी की जागा एकच. २३ जणींच्या संघात साधारण तीन गोलकीपर असतात. सामना सुरू होताना त्यातली एकच मैदानात जाते. मिडफिल्डर थकली तर बदलतात, स्ट्रायकर अपयशी ठरली तर बदलतात. गोलकीपर मात्र जखमी झाल्याशिवाय सहसा बदलत नाहीत. म्हणजे दुसऱ्या नंबरची गोलकीपर उत्तम असूनही पूर्ण मोसम बाकावर घालवू शकते.

फायदा असा की, ही जागा एकदा मिळाली की वय लवकर आड येत नाही. धावपळ कमी असते आणि अनुभवाला किंमत असते. अमेरिकेची होप सोलो २०१५ मध्ये वर्ल्ड कप जिंकली तेव्हा ३३ वर्षांची होती, आणि त्या स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कारही तिलाच मिळाला. अमेरिकेसाठी ती २०२ सामने खेळली आणि त्यातल्या १०२ सामन्यांत तिने एकही गोल खाल्ला नाही.

म्हणजे गोलकीपरला संयमाचं फळ मिळतं. प्रश्न एवढाच की, वाट बघण्याच्या काळात घर कशावर चालायचं?

पैसे किती मिळतात?

इथे खरी गोष्ट सुरू होते.

भारतात महिलांची राष्ट्रीय लीग, म्हणजे इंडियन विमेन्स लीग, २०१६-१७ च्या मोसमात सुरू झाली. सुरुवातीची अनेक वर्षं ती काही आठवड्यांत, एका-दोन शहरांत उरकायची. लीग काही आठवड्यांची, तर करारही तेवढ्याच काळाचा. बाकीच्या महिन्यांत खेळाडूने काय करायचं, हे तिचं तिने बघायचं. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळायची नेहमीची पद्धत २०२३-२४ च्या मोसमापासून आली.

२०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एक महत्त्वाचा निर्णय जाहीर केला. लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान १० भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यायचे. महिन्याला भागलं तर ही रक्कम सव्वीस-सत्तावीस हजारांच्या घरात जाते. आधीच्या परिस्थितीच्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे. पण लक्षात घ्या, हे देशातल्या सर्वोच्च लीगबद्दल आहे, आणि हमी संघातल्या दहा जणींपुरती आहे. अकरावीपासून पुढे काय, ते क्लबवर. एकाच क्लबमधल्या तीन गोलकीपरपैकी तिसरी त्या दहांत असेलच असं नाही.

म्हणूनच भारतातल्या अनेक महिला फुटबॉलपटूंचा खरा आधार क्लब नसून नोकरी असते. रेल्वे, पोलीस, सशस्त्र सीमा बल अशा ठिकाणी खेळाडूंच्या कोट्यातून भरती होते. पगार नियमित, सुट्टी मिळते, दुखापत झाली तरी नोकरी राहते.

पैशांचा प्रश्न फक्त भारतातला आहे असंही नाही. इंग्लंडच्या मेरी अर्प्सचं उदाहरण घ्या. तीही लाफबरो विद्यापीठाचीच विद्यार्थिनी. २०२३ च्या वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये तिने स्पेनची पेनल्टी अडवली. इंग्लंड ०-१ ने हरलं, पण स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लोव्ह तिला मिळाला. आणि त्याच स्पर्धेच्या वेळी नायकी कंपनी तिची जर्सी चाहत्यांना विकतच नव्हती! इतर खेळाडूंच्या जर्सी दुकानात होत्या, गोलकीपरची नव्हती. ऑनलाइन याचिकेवर दीड लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मग कंपनीने थोड्या जर्सी विक्रीला आणल्या आणि त्या बघता बघता संपल्या.

मागणी नव्हती असं नाही. मागणी असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

खेळाडूच्या हातात नसलेल्या गोष्टी

पहिली गोष्ट दुखापत. फुटबॉलमध्ये गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटची दुखापत महिलांना पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात होते. उडी मारून उतरताना किंवा अचानक वळताना गुडघ्यावर ताण येतो आणि लिगामेंट फाटतं. शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं. गोलकीपरचं तर कामच उड्या मारणं आणि पडणं हे आहे. मोठ्या क्लबमध्ये फिजिओ असतो, विमा असतो. लहान क्लबमध्ये आणि जिल्हा पातळीवर हा खर्च बऱ्याचदा घरावर येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मैदानाबाहेरचे निर्णय. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली. कारण होतं महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप. त्या वेळी गोकुलमचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोचलेला होता. बंदीमुळे त्यांना खेळता आलं नाही. २६ ऑगस्टला बंदी उठली, पण तोवर त्यांची संधी गेली होती. त्या खेळाडूंचा यात काही दोष नव्हता.

त्याच वर्षी जानेवारीत नवी मुंबईत काय झालं, ते सुरुवातीला बघितलंच. म्हणजे एकाच वर्षात भारतातल्या महिला फुटबॉलपटूंनी दोन मोठ्या संधी गमावल्या आणि दोन्ही वेळा सामना मैदानावर हरलेला नव्हता.

हिवरखेडची मुलगी कुठून सुरुवात करेल?

वऱ्हाडात हिवरखेड नावाचं एक गाव अकोल्याच्या तेल्हारा तालुक्यात आहे, दुसरं अमरावतीच्या मोर्शी तालुक्यात. समजा, यातल्या कुठल्याही हिवरखेडच्या शाळेत आठवीतली एक मुलगी आहे. उंच आहे, हात चांगले आहेत, चेंडूला घाबरत नाही. तिच्यासाठी रस्ता कसा आहे?

पहिली पायरी शाळा. सुब्रतो कप ही देशातली शालेय फुटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा आहे आणि त्यात १७ वर्षांखालील मुलींचा गट असतो. महाराष्ट्रात जिल्हा, विभाग, राज्य अशा टप्प्यांनी तिथे पोचता येतं. अकोला आणि अमरावती हे दोन्ही जिल्हे अमरावती विभागातच येतात. अडचण अशी की, यासाठी शाळेचा मुलींचा संघ लागतो. ११ मुली, एक शिक्षक आणि गावात मोकळं मैदान. कबड्डी आणि खो-खोसाठी हे सहज जमतं, कारण त्यांची परंपरा आहे. मुलींच्या फुटबॉलसाठी कुणीतरी पहिल्यांदा जमवावं लागतं.

दुसरी पायरी प्रशिक्षण. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. शारीरिक शिक्षणाचं कॉलेज तिथे आहे. म्हणजे खेळ हा करिअरचा विषय असू शकतो, ही कल्पना वऱ्हाडाला नवीन नाही.

तिसरी पायरी क्लब, आणि इथे गावापासूनचं अंतर वाढतं. महाराष्ट्रातले जे संघ महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये दिसले, त्यात एफसी पुणे सिटी, कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे ही नावं येतात. सगळी पश्चिमेकडची. त्यातला एफसी पुणे सिटी हा क्लब तर २०१९ मध्ये बंदच झाला. म्हणजे वऱ्हाडातल्या मुलीला एका टप्प्यावर घर सोडावं लागणार आणि ज्या क्लबसाठी सोडलं, तो टिकेलच याची खात्री नाही.

चौथी पायरी आधार. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. या दोन्हींसाठी प्रमाणपत्रं लागतात आणि ती ठरावीक, मान्यताप्राप्त स्पर्धांचीच चालतात. गावच्या टुर्नामेंटमधली ट्रॉफी इथे कामाला येत नाही. म्हणून पहिल्या स्पर्धेपासून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवणं आणि स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात आधीच विचारून घेणं गरजेचं आहे.

मग अदितीच्या करिअरमधून काय घ्यायचं?

अदिती दिल्लीत वाढली, परदेशात शिकली. हिवरखेडच्या मुलीकडे ते सगळं नसेल. पण तिच्या १७ वर्षांकडे नीट बघितलं तर एक गोष्ट दिसते. तिने फुटबॉलसाठी शिक्षण सोडलं नाही. उलट शिक्षणामुळेच ती इंग्लंडला पोचली आणि तिथे क्लब मिळाला. खेळत असतानाच तिने मुलींसाठी 'शी किक्स' ही फुटबॉल अकादमी उभी केली. म्हणजे ग्लोव्ह्ज उतरवायची वेळ आली, तेव्हा पुढचं काम तयार होतं.

आई-वडिलांच्या मनात प्रश्न असतो, "खेळायचं की शिकायचं?" भारतातल्या महिला फुटबॉलच्या आजच्या परिस्थितीत हा प्रश्नच चुकीचा आहे. क्लबचा पैसा पुरेसा नाही, गुडघ्याची खात्री नाही आणि महासंघाच्या कारभाराचाही भरवसा नाही. अशा वेळी पदवी किंवा नोकरी हीच खेळाडूला जास्त वर्षं खेळू देते. ज्या पोझिशनमध्ये जागेसाठी पाच-सहा वर्षं वाट बघावी लागते, तिथे तर हे जास्तच लागू होतं.

आणि वाट बघणाऱ्यांची वेळ येतेही. जुलै २०२५ मध्ये अदितीने निवृत्ती जाहीर केली, त्याच महिन्यात, ५ तारखेला, भारताने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवलं आणि २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून आशियाई चषक गाठण्याची ही भारतीय महिला संघाची पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते, हेडलाइनमध्ये तिचंच नाव आलं.

त्या दिवशी भारताच्या गोलपोस्टसमोर पंथोई चानू उभी होती. मणिपूरची ही गोलकीपर कित्येक वर्षं राष्ट्रीय संघात अदितीसोबत त्याच एका जागेच्या स्पर्धेत होती.